पायडलांचे तिसरे भोक आणि एक सही

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
हौशी बांधणीची विमाने, तपासणी व परवानगी विभाग,
दुसरा मजला, जिन्यासमोरील दालन.

विषय : एका आसनाच्या घरबांधणी विमानातील बैठक, दांडा व पायडले वैमानिकाच्या मापाने बदलल्यास मान्यता मिळणेबाबत, तसेच नमुना सातमधील दोन शब्द बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, ‘अनुरूप वैमानिक सादर करणेबाबत’.
२) अर्जदाराचा त्यावरील खुलासा.
३) आपले पत्र, ‘बुटांबाबत’.
४) नमुना सात परत केल्याचे आपले पत्र.
५) अर्जदाराच्या प्रत्यक्ष खेपा, एकूण अकरा, ज्यांची नोंद आपल्याकडे नसावी.

महोदय,

आपला वेळ मोलाचा आहे हे अर्जदार जाणते. अर्जदाराचाही आहे, आणि तो थोडा उरला आहे, म्हणून हे लांबलचक लिहिणे.

आवक खिडकीवरील बाईंनी एका पानात आटपा असे बजावले होते. परंतु एकेका पानाचे तीन अर्ज यापूर्वी देऊन झाले. ते तीन निरनिराळ्या फायलींत गेले आणि त्यांची एकमेकांशी अजून गाठ पडलेली नाही. सबब या खेपेस सर्व हकीकत एकाच ठिकाणी मांडली आहे. शिवणयंत्र बंद करून, तीन गिऱ्हाइकांचे कपडे अर्धवट टाकून अर्जदार लिहायला बसली आहे, आणि दर चार ओळींनी उठून मागच्या शेडपर्यंत जाऊन येत आहे. त्यामुळे अक्षर सारखे नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

१. अर्जदार वय वर्षे एक्कावन्न, उंची चार फूट अकरा इंच, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत एकोणतीस वर्षे कपडे शिवते. अर्जदाराचे पती लाकडी सामान बनवतात, उंची सहा फूट. त्यांनी घरामागच्या शेडमध्ये नऊ वर्षे खपून सदर विमान बांधले. सांगाडा लाकडी, वर कापड. कापडाचा टाका न् टाका अर्जदाराच्या हातचा आहे आणि त्याबद्दल आपल्या कार्यालयाने आजवर एकही शंका काढलेली नाही, ही समाधानाची बाब आहे.

२. वैमानिकाच्या बसण्याची जागा पतींच्या अंगाच्या मापाने बेतली गेली. एका दुपारी ते प्लायवूडच्या फळीवर पाय पसरून बसले आणि अर्जदाराने कापडावर खुणा करायच्या खडूने त्यांच्याभोवती रेघ ओढली. त्या रेघेवरून नकाशा झाला आणि तोच आपल्या कार्यालयाने मंजूर केला. कपडा शिवताना अर्जदार शिवणीत दोन बोटे माया ठेवते, पुढेमागे उसवून सैल करता यावा म्हणून. पतींनी विमानात तशी ठेवली नाही. हे विमान आपल्याखेरीज कोण चालवणार, असे ते धरून चालले होते.

३. सहाव्या वर्षी वैद्यकीय तपासणीत त्यांचे डोळे नापास झाले. डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. त्यात नजर कडेकडेने जात जाते आणि शेवटी मधले तेवढे उरते. त्या दिवशी घरी येऊन ते पंख न लावलेल्या विमानात जाऊन बसले आणि जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. “विकून टाकू,” एवढेच म्हणाले. अर्जदाराने त्या वेळी मागचापुढचा विचार न करता “मी शिकते” असे उत्तर दिले. बोलून गेल्यावर अर्जदाराला घाम फुटला होता, हे पतींना आजतागायत सांगितलेले नाही. त्यानंतर अडीच वर्षांत अर्जदाराने विमानसंस्थेत जाऊन शिक्षण घेतले, परीक्षा दिल्या, त्यांपैकी हवामानाची दोनदा दिली, आणि परवाना मिळवला. एकूण उड्डाणे चौसष्ट तास. तेथील विमानात बसताना दोन उशा लागत, म्हणून प्रशिक्षक अर्जदारास ‘उशीवाल्या बाई’ म्हणतात.

४. घरच्या विमानात उशांनी भागणारे नव्हते. मऊ उशी पाठीशी असली की विमान जोरात पळू लागताच माणूस मागे दबतो आणि नेमक्या त्याच वेळी हातपाय तोकडे पडतात, ही गोष्ट आपल्याच नियमपुस्तिकेत आहे. म्हणून पतींनी पाठीशी चार इंचांचा लाकडी टेका बसवला. टेक्यामुळे अर्जदार पुढे आली. बैठक तीन इंच उचलली, तेव्हा नाकापलीकडची जमीन दिसू लागली. पण पुढे सरकल्यामुळे विमानाचे नाक वरखाली करायचा दांडा पूर्ण मागे ओढला की पोटात रुतू लागला. म्हणून दांडा मधूनच पुढे वाकवला. वाकवल्यावर तो पूर्ण पुढे रेटताना अर्जदाराच्या बोटांची टोके घड्याळांच्या फळीवर आपटू लागली. म्हणून फळीला खाच पाडली. खाचेच्या जागी उंची दाखवणारे घड्याळ होते, ते डावीकडे नेले. डावीकडे इंजिनाचा वेग वाढवायची मूठ होती, ती खाली आली, आणि खाली आल्यावर खांद्याचे पट्टे आवळले असता अर्जदाराचा हात तिला पोहोचेना. घट्ट झालेल्या जुन्या कपड्याचा एक टाका उसवावा आणि सगळी बाही हातात यावी, तसा हा प्रकार चार महिने चालला. पतींना पट्टी अख्खी दिसत होती तोवर ते मापत होते. नंतर अर्जदार माप सांगू लागली आणि ते हाताने पडताळू लागले. या काळात उभयतांत शब्दाला शब्द पुष्कळ लागला, पण तो या अर्जाचा विषय नाही.

सर्वांत शेवटी पायडले. सुकाणू फिरवण्याची ही दोन पायडले ज्या पट्टीवर बसतात तिला मूळ एकच भोक होते. अर्जदारासाठी सहा इंच मागे दुसरे पाडले. पायडले मागे आली की सुकाणूच्या तारा सैल पडतात, त्या तेवढ्याच आखूड केल्या. सर्व जुळून आले आणि आपल्याकडे तपासणीचा अर्ज दिला. अर्जदार सुमारे तीस किलोंनी हलकी असल्याने वजनाचा तोल नव्याने काढला, तो आपल्या तपासनीस साहेबांनी तपासून बरोबर ठरवला आहे.

५. आता अर्जदाराची चूक, जिच्यामुळे हे सर्व रामायण घडले. शेडमध्ये काम करताना अर्जदार जाड तळव्याचे बूट घालते, कारण तिसऱ्या वर्षी पायावर फळी पडून अंगठ्याचे नख गेले होते. चार महिने सर्व मापे त्या बुटांत घेतली गेली आणि हे दोघांच्याही लक्षात आले नाही. एकोणतीस वर्षे लोकांची मापे घेणाऱ्या बाईने स्वतःचे माप बुटांसकट द्यावे, याला काय म्हणावे. तपासणीच्या दिवशी साहेब येणार म्हणून अर्जदाराने इस्त्रीचे कपडे आणि कार्यालयीन कामासाठी ठेवलेले पातळ तळव्याचे काळे बूट घातले. साहेबांनी डावे पायडल शेवटपर्यंत दाबायला सांगितले. अर्जदाराचा पाय दीड इंच अलीकडेच थांबला. साहेबांनी वाकून पाहिले, पट्टी लावली आणि शेरा लिहिला : ‘वैमानिक विमानास अनुरूप नाही.’

६. त्यावर आपले पत्र आले की, मंजूर नकाशाशी अनुरूप असा वैमानिक सादर करावा. नकाशात वैमानिकाची उंची सहा फूट असून प्रत्यक्षात चार फूट अकरा इंच आढळते, तरी या तेरा इंचांच्या तफावतीचा खुलासा सात दिवसांत करावा. अर्जदाराने खुलासा केला की, ती दुसरी व्यक्ती आहे. सोबत उंचीचा वैद्यकीय दाखला जोडला. तो दाखला ‘उंची वाढण्याची शक्यता नमूद नाही’ या कारणास्तव परत आला. दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी पुन्हा काही लिहून देण्यास नकार दिला असून ते हसत होते.

७. दुसऱ्या तपासणीस अर्जदार शेडमधले बूट घालून बसली. पाय व्यवस्थित पोहोचला. परंतु बूट हा विमानाचा भाग आहे की वैमानिकाचा, असा प्रश्न उपस्थित झाला. विमानाचा असल्यास सामानाच्या यादीत वजनासह नोंदवून विमानातच कायम ठेवावा लागेल. वैमानिकाचा असल्यास माप त्याविना घ्यावे लागेल. या प्रश्नावर आपल्या कार्यालयात फाईल उघडली गेली, ती सात आठवडे उघडी आहे. अर्जदाराने खेटे घातले तेव्हा ती कधी तांत्रिक विभागात, कधी भांडार विभागात असल्याचे समजले. एकदा ती कल्याण विभागात असल्याचे समजले, ते का, हे विचारायचे राहून गेले.

८. पाचव्या आठवड्यात पतींचा धीर सुटला. त्यांनी चाचपत पट्टीवर खूण केली, अर्जदाराने गिरमिट धरले आणि दुसऱ्या भोकाच्या दीड इंच मागे तिसरे पाडले. तारा पुन्हा आखूड केल्या. आता पातळ बुटांत पाय शेवटपर्यंत जातो आणि गुडघा किंचित वाकलेला राहतो, जसा राहायला हवा. उलट जाड बूट घातल्यास गुडघे वर येऊन दांड्याच्या वाटेत येतात. तात्पर्य, ज्या बुटांची फाईल चालू आहे ते बूट आता विमानात चालतच नाहीत. मात्र ती फाईल निकाली निघाल्याखेरीज तिसऱ्या भोकाचा अर्ज घेता येणार नाही, असे खिडकीवर सांगण्यात आले. बाईंचा यात दोष नाही. त्यांनी अर्जदाराला पाणी दिले आणि बसायला खुर्ची दिली, पण अर्जदाराला बसवेना.

९. तरीही तपासनीस साहेबांनी माणुसकीने तिसऱ्यांदा येऊन सर्व बदल पाहिले आणि ते समाधानकारक असल्याचे सांगितले. त्या भेटीतील एक गोष्ट अहवालात नाही, ती येथे नमूद करणे भाग आहे. ही साहेबांविरुद्ध तक्रार मुळीच नव्हे. उजव्या पायडलाच्या खिळीत एक दुपाखी पिन असते. तिची दोन्ही टोके दोन बाजूंना वाकवावी लागतात, नाहीतर ती हादऱ्याने निसटते. साहेबांनी बॅटरी लावून खाली पाहिले आणि बरोबरची खूण केली. ते वहीत लिहीत असताना पतींनी सवयीप्रमाणे आत हात घातला आणि हात तिथेच थांबवला. “एक टोक सरळ आहे,” ते म्हणाले. साहेब गुडघ्यांवर बसले, पुन्हा बॅटरी लावली, बराच वेळ पाहत राहिले. एक टोक सरळच होते. पिन अर्जदाराने बसवली होती, दोष अर्जदाराचा आहे. वर जाणारीही अर्जदारच होती. त्या दिवशी साहेबांनी चहा न घेता निरोप घेतला, आणि जाताना पतींचा हात हातात घेऊन जरा जास्त वेळ धरला.

१०. एवढे होऊन काम अडले आहे ते नमुना सातवर. त्यात मूळ बांधणाऱ्याने असे लिहून द्यायचे असते : ‘वरील बदल मी स्वतः डोळ्यांनी पाहून खात्री केली आहे.’ पती सही करत नाहीत. अर्जदाराने समजावले, विनवले, एकदा वाईटही बोलली. नऊ वर्षांच्या कामावर दोन शब्दांपायी पाणी सोडता का, असे विचारले. त्यावर ते जे म्हणाले ते जसेच्या तसे देत आहे : “पाहिलंय असं कसं लिहू? मी पाहिलेलं नाही. तू वर असशील आणि मी खाली खोटी सही करून उभा असेन, ते मला जमणार नाही.” मग त्यांनी छापील दोन शब्द खोडायला लावून तेथे ‘हाताने चाचपून’ असे अर्जदाराकडून लिहून घेतले आणि खाली सही केली. तो नमुना ‘खाडाखोड’ असा शेरा मारून परत आला.

कबूल करावयाचे तर, कोरा नमुना पुढ्यात घेऊन अर्जदार त्या दिवशी पेन उघडून बसली होती. दोन वर्षे घरी येणाऱ्या टपालावर पतींची सही अर्जदारच करते आणि ती हुबेहूब येते. पलीकडच्या खोलीत ते गुणगुणत रंधा मारत होते. अर्जदाराने पेनाला टोपण लावले.

११. महोदय, अर्जदाराचे म्हणणे एवढेच की, परवान्याच्या परीक्षेत आपलेच कार्यालय वैमानिकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधते आणि एकेका मुठीचे, खटक्याचे, दांड्याचे नाव घेऊन त्यावर हात ठेवायला लावते. न चुकता ठेवला तर उत्तीर्ण करते. अर्जदार तीत उत्तीर्ण झाली, कारण रोज संध्याकाळी ती शेडमध्ये डोळे मिटून बसे आणि पती बाहेर उभे राहून नावे घेत. पुढेपुढे कोण कोणाची परीक्षा घेत आहे हे कळेनासे झाले होते. वैमानिकाचा हात ज्या कार्यालयाला डोळ्याच्या जागी चालतो, त्या कार्यालयाला बांधणाऱ्याचा हात का चालू नये, हे अर्जदाराला कळत नाही. कळावे अशी फार इच्छा आहे.

१२. घाईचे कारण. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्याच्या आरंभी सांगितले की, उरलेली मधली नजर दोन महिने धरून चाला, त्यापुढचे सांगता येत नाही. आज त्यांतले जवळपास सहा आठवडे संपले. सध्या पतींना बॉबिनच्या भोकातून पाहावे तेवढे दिसते. समोरचे ताट दिसते तर पेला दिसत नाही, आणि बैठकीखालच्या अंधारात तेवढेही नाही. विमान शेडमध्ये उभे असताना ते त्यांना एकदम कधीच दिसत नाही, एका वेळी चाक, नाहीतर पंखाचे टोक. लांब गेले की मात्र ते त्या भोकात अख्खे मावेल. सांगायला लाज वाटते, पण अर्जदाराला विमान उडवायची हौस पूर्वीही नव्हती आणि आता वाढलेली नाही. ते अख्खे त्यांना एकदा दिसावे, एवढ्यासाठीच अर्जदार अकरा खेपा घालत आहे. रोज सकाळी उठल्यावर ते खिडकीपलीकडच्या विजेच्या खांबावरचे आकडे वाचतात आणि अर्जदार चहा ओतता ओतता कान देऊन असते. परवा ते शेवटचा आकडा चुकले. अर्जदाराने दुरुस्ती केली नाही.

सबब विनंती की,

(अ) बुटांची फाईल बंद करावी. सोयीसाठी बूट सोबत जोडले आहेत.

(आ) नमुना सातमध्ये ‘डोळ्यांनी पाहून’ याऐवजी ‘हाताने चाचपून’ हे शब्द ग्राह्य धरावेत. नमुना बदलण्याचा अधिकार केवळ आपल्याला आहे, असे तपासनीस साहेबांनी सांगितले. आपणास शंका असल्यास आपण स्वतः शेडमध्ये यावे, डोळे मिटावेत आणि पतींचा हात फिरतो तेथे तेथे आपला हात फिरवून पाहावा. खुर्चीची व्यवस्था आहे.

(इ) पहिल्या उड्डाणाची परवानगी या महिन्याच्या चोवीस तारखेपूर्वी द्यावी; डॉक्टरांचे दोन महिने महिनाअखेरीस भरतात आणि वारा नसलेला स्वच्छ दिवस मिळायला आठवडा हाताशी हवा. पंचवीस तारखेला दिलेली परवानगीही अर्जदार आभारपूर्वक स्वीकारेल, पण तिचा उपयोग कितपत होईल हे सांगता येत नाही.

एक गोष्ट आपणहून कळवते, नंतर निघाल्यास लबाडी वाटेल म्हणून. मंजूर नकाशात विमानाचा रंग सर्वत्र पांढरा आहे. गेल्या आठवड्यात अर्जदाराने मैदानाच्या टोकाला जाऊन आधी पांढरे कापड धरले, मग लाल. पांढरे पतींना शंभर पावलांवरच दिसेनासे झाले. लाल कापड त्यांनी चारशे पावलांवरून ओळखले आणि हात वर केला. त्यानंतर दोन दिवसांत अर्जदाराने पंखांच्या व पोटाच्या खालच्या बाजूस लाल रंग दिला. यासाठी परवानगी घेतलेली नाही. रंगाचे वजन वाळल्यावर नऊशे ग्रॅम भरले, ते वजनाच्या तक्त्यात धरावे. रंग कोणता दिला हे पतींना ठाऊक आहे. का दिला हे त्यांनी विचारले नाही.

आपल्या निर्णयाची उभ्याउभ्या वाट पाहणारी,

(सही)
अर्जदार
शिवणकाम करणारी व परवानाधारक वैमानिक
दि. ११ ऑक्टोबर

सोबत :
१) तिसऱ्या भोकाचा नकाशा, मापांसह.
२) अर्जदाराची बैठकीतील मापे, पातळ बुटांत घेतलेली. या वेळी दोनदा पडताळली आहेत.
३) डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला.
४) जाड तळव्याचे बूट, एक जोड. परत न मिळाल्यास चालेल.
५) नमुना सात, पुन्हा भरलेला, ‘हाताने चाचपून’ या शब्दांसह. सही छापील रेघेच्या बरीच खाली गेली असून शेवटचे अक्षर कागदाबाहेर गेले आहे. अर्जदाराने रेघेवर बोट ठेवून दाखवण्याची तयारी दर्शवली होती, ती त्यांनी नाकारली. ही सही त्यांचीच आहे.